आगबोट पळवणारे रॉबर्ट स्मॉल्स आणि त्यांना चोर ठरवणारा इतिहास

अमेरिकेतली गुलामगिरी कोणी संपवली, असे विचारले की उत्तर ठरलेले असते: अब्राहम लिंकन. शाळेच्या पुस्तकात तेच, स्पर्धा परीक्षेच्या गाइडमध्ये तेच, आणि खरे सांगायचे तर आपल्या अभ्यासवर्गांतही पुष्कळदा तेच. लिंकन यांचे मोठेपण आम्ही नाकारत नाही. पण सुमारे चाळीस लाख माणसे हात जोडून बसली होती आणि एका भल्या गोऱ्या माणसाने येऊन त्यांच्या बेड्या तोडल्या, हे चित्र खोटे आहे. ते आपल्याला ओळखीचेही वाटले पाहिजे. आपल्याकडे 'अस्पृश्योद्धारा'चा इतिहास लिहिताना उद्धार करणाऱ्यांची यादी पानभर असते, आणि ज्यांनी स्वतः मार खाल्ला, पाणी भरले, मोर्चे काढले त्यांना शेवटच्या ओळीत 'आदी' म्हणून जागा मिळते.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला, हे आपल्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे. निग्रो लोकांना दास्यातून सोडवण्यासाठी त्या लोकांनी दाखवलेल्या त्यागाबद्दल ती अर्पणपत्रिका होती. पण त्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक लढले, नौदलातले वेगळेच, हे कितींना ठाऊक आहे? पुण्यात 'गुलामगिरी' निघाला त्या वर्षी साउथ कॅरोलिना राज्याच्या सिनेटमध्ये एक असा माणूस बसत होता, जो अकरा वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या मालकीचा होता. त्याच सुमारास राज्याच्या मिलिशियाचा मेजर जनरल म्हणूनही त्यांची नेमणूक झाली होती. त्यांचे नाव रॉबर्ट स्मॉल्स. आजचा लेख त्यांच्यावर आहे.

५ एप्रिल १८३९ रोजी साउथ कॅरोलिनातल्या ब्यूफर्ट या बंदराच्या गावी, प्रिन्स स्ट्रीटवरच्या मकी कुटुंबाच्या घरामागे असलेल्या गुलामांच्या खोपट्यात रॉबर्टचा जन्म झाला. आई लिडिया पोलाइट मालकाच्या घरात राबायची. बाप कोण, याची नोंद कुठेच नाही. कायद्याला त्याची गरजही नव्हती. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कोणीही असो, असा तो कायदा होता. हा कायदा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण छप्पन्न वर्षांनी स्मॉल्स यांनी भर सभागृहात नेमका यावरच घाव घातला.

घरकामातल्या गुलामाचे पोर म्हणून रॉबर्टच्या वाट्याला शेतावरच्या गुलामांपेक्षा बरे दिवस आले होते. मालक त्याच्याशी गोड वागायचा. लिडियाला याचीच भीती वाटली. मुलाला आपली खरी जागा कळली नाही तर पुढे एखाद्या दिवशी त्याचा घात होईल, म्हणून तिने मुद्दाम त्याला शेतावरचे जिणे दाखवले आणि गुलामांना फटके मारण्याच्या खांबापाशी नेऊन उभे केले. न शिकलेल्या आईने मुलाला दिलेले हे समाजशास्त्राचे पहिले शिक्षण. एम.ए.ला आम्हाला 'सामाजिकीकरण' या नावाखाली जे शिकवले गेले, त्यापेक्षा ते जास्त नेमके होते.

बाराव्या वर्षी मालकाने रॉबर्टला चार्ल्सटन शहरात मजुरीला लावले. हॉटेलात वेटर, रस्त्यावरचे दिवे लावणारा, मग गोदीत हमाल, दोर बांधणारा, शिडे शिवणारा. गोदीत त्याचा जम बसला. पुढे आगबोटीवर लागल्यावर महिना १६ डॉलरच्या मजुरीतले १५ डॉलर मालकाकडे जायचे. राबणारा एक, पगार घेणारा दुसरा. १८५६ साली त्याने हॅना जोन्सशी लग्न केले. तीही गुलाम, हॉटेलात काम करणारी. दोघांचे मालक वेगळे. मुलगी झाली तेव्हा ती आपोआप हॅनाच्या मालकाची मालमत्ता झाली. बायको आणि मुलगी विकत घेण्यासाठी रॉबर्टने त्या मालकाशी बोलणी केली. किंमत ठरली ८०० डॉलर. महिन्याला एक डॉलर हाती उरणाऱ्या माणसाला ८०० डॉलर जमवायला किती वर्षे लागतील, हे गणित वाचकांनीच करावे. तो वरकड खटपटी करून पैसे साठवत होता. पण १८६१ साली मुलगा झाला, म्हणजे विकत घ्यायची माणसे आणखी एकाने वाढली.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये चार्ल्सटनच्या बंदरातल्या फोर्ट सम्टर किल्ल्यावर दक्षिणेच्या बंडखोरांनी तोफा डागल्या आणि यादवी युद्ध सुरू झाले. 'प्लँटर' नावाची आगबोट बंडखोर सैन्याच्या कामाला लागली. स्मॉल्स तिच्या सुकाणूवर होते. चार्ल्सटनच्या खाडीतला प्रत्येक वाळूचा बांध, प्रत्येक वळण त्यांना ठाऊक होते. खरे तर ते पायलट होते, पण 'पायलट' हा मानाचा शब्द गुलामाला लावायचा नाही, म्हणून कागदोपत्री ते नुसते 'चाकवाले'. काम तेच, हुद्दा नाही. ही युक्ती जगात सगळीकडे एकसारखीच चालते.

१२ मे १८६२. दिवसभरात कोल्स आयलंडवरून काढलेल्या चार तोफा प्लँटरवर चढवल्या गेल्या होत्या. त्या दुसऱ्या दिवशी बंदरातल्या ठाण्यावर पोचवायच्या होत्या. बोटीच्या स्वतःच्या दोन तोफा वेगळ्या. रात्री कॅप्टन, मेट आणि इंजिनियर हे तिघे गोरे अधिकारी घरी झोपायला गेले. रात्री बोट सोडून जायची नाही असा हुकूम होता, पण बोटीवर उरलेले गुलाम काय करणार आहेत, हा विचारच त्यांच्या मनाला शिवला नाही. आम्हाला वाटते, या सगळ्या कहाणीची किल्ली इथे आहे. ज्याला माणूसच मानले नाही, त्याला बेत आखता येतो हे कसे सुचावे?

बेत पुष्कळ दिवसांचा होता. पकडले गेलो तर शरण जायचे नाही, बोट बुडवायची, हे आधीच ठरले होते. पहाटे तीनच्या पुढे बॉयलर पेटले. दक्षिणेचे झेंडे चढवले. बोट शत्रूच्या दिशेने जायच्या ऐवजी आधी उलटी, दुसऱ्या धक्क्याकडे गेली. कारण तिथे बायका-मुले दबा धरून बसली होती. एकट्याने पळायचे असते तर स्मॉल्स यांना सोपे होते. हॅना, दोन्ही मुले आणि इतरांची कुटुंबे घेऊन बोटीवर एकूण सोळा जण झाले. स्मॉल्स यांनी कॅप्टनची गवती हॅट डोक्यावर घातली, कॅप्टन उभा राहतो तसे हात बांधून ते सुकाणूच्या खोलीत उभे राहिले. वाटेत एकामागून एक पाच ठाणी. प्रत्येकापाशी भोंग्याची ठरलेली खूण द्यायची. घाई केली तर संशय, उशीर केला तर उजाडेल. सर्वांत कठीण फोर्ट सम्टर. साडेचारच्या सुमारास तिथे भोंगा दिला, पहारेकऱ्याने खूण ओळखली आणि बोट जाऊ दिली. त्याला अंधारात हॅट दिसली, चेहरा दिसला नाही.

तोफेच्या पल्ल्याबाहेर गेल्यावर झेंडे उतरवून पांढरी चादर चढवली. तरी समोरून उत्तरेच्या नौदलाचे 'ऑनवर्ड' जहाज तोफा रोखून तयार होते. चादर अगदी शेवटच्या घटकेला दिसली, म्हणून पुढचा इतिहास घडला. तोफा आणि दारूगोळ्याबरोबर स्मॉल्स यांनी शत्रूच्या निशाणांची सांकेतिक वहीही नेली. कोल्स आयलंड रिकामे पडले आहे ही बातमी तर तोफांपेक्षा मोलाची होती. तिच्या जोरावर उत्तरेच्या फौजांनी थोड्याच दिवसांत स्टोनो नदीचा मार्ग ताब्यात घेतला.

बक्षिसाचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. काँग्रेसने कायदा करून बोटीच्या किमतीतला अर्धा वाटा स्मॉल्स आणि सोबत्यांना द्यायचे ठरवले. मग किंमत ठरवणाऱ्यांनी प्लँटरची किंमत लावली ९ हजार डॉलर. स्मॉल्स यांच्या वाट्याला आले १५०० डॉलर. पुढे १८८३ साली काँग्रेसच्याच समितीने नोंदवले की तिची किंमत किमान ६७ हजार डॉलर होती. म्हणजे शौर्याची वाहवा पूर्ण केली आणि मोबदल्यात काटा मारला.

त्या ऑगस्टमध्ये पाद्री मॅन्सफिल्ड फ्रेंच यांच्याबरोबर स्मॉल्स वॉशिंग्टनला गेले, लिंकन आणि युद्धमंत्री स्टॅन्टन यांना भेटले. काळ्या माणसांना सैन्यात घ्या, ही मागणी होती. २५ ऑगस्ट १८६२ रोजी स्टॅन्टन यांनी साउथ कॅरोलिनात ५ हजारांपर्यंत कृष्णवर्णीय सैनिक भरती करायला परवानगी दिली. हे एका भेटीमुळे झाले असे आम्ही म्हणणार नाही. फ्रेडरिक डग्लस आणि इतर अनेक जण तीच मागणी वर्षभर लावून धरत होते. पण 'हे लोक लढतील का?' या प्रश्नाचे जिवंत उत्तर मंत्र्याच्या टेबलासमोर उभे होते, एवढे नक्की. लिंकन यांची मुक्तीची घोषणा अमलात आली १ जानेवारी १८६३ ला. म्हणजे प्लँटरवरच्या सोळा जणांनी स्वतःला साडेसात महिने आधीच मुक्त केले होते. कोणी कोणाला मुक्त केले, याचा क्रम जुळवताना हे लक्षात असू द्यावे.

युद्धभर स्मॉल्स लढले. ७ एप्रिल १८६३ च्या चार्ल्सटनवरच्या हल्ल्यात 'कीओकक' या चिलखती जहाजाचे पायलट तेच होते. त्या जहाजाला नव्वदहून जास्त गोळे लागले आणि ते दुसऱ्या दिवशी बुडाले. त्याच वर्षअखेरीस ते प्लँटरचे कॅप्टन झाले, महिना १५० डॉलर पगारावर. ज्या बोटीवर 'चाकवाले' होते, त्याच बोटीचे कॅप्टन. तरीही युद्ध संपल्यावर पेन्शनचा प्रश्न आला तेव्हा रीतसर भरतीचा कागद नाही, हे कारण पुढे आले. मोहिमांचा अनुभव पाहिला तर सैनिक, कागद पाहिला तर कोणीच नाही. शेवटी १८९७ साली खास कायदा करून त्यांना महिना ३० डॉलर पेन्शन द्यावे लागले. पस्तीस वर्षांनी.

१८६४ साली बोटीच्या दुरुस्तीसाठी ते फिलाडेल्फियाला होते. तिथे दोन गोष्टी घडल्या. पंचविसाव्या वर्षी शिक्षक ठेवून ते नीट लिहायला-वाचायला शिकले. साउथ कॅरोलिनात गुलामाला शिकवणे १८३४ च्या कायद्याने गुन्हा होता, हे इथे सांगायला हवे. दुसरी गोष्ट अशी की ट्राममधून त्यांना आत बसू दिले नाही, बाहेरच्या फळीवर उभे राहा म्हटले. हे शहर उत्तरेत होते बरे, गुलामगिरीविरोधी उत्तरेत. स्मॉल्स उतरले आणि पावसात पायी गेले. युद्धवीराचा असा अपमान झाल्याची बातमी पसरली, चळवळ पेटली आणि १८६७ साली पेन्सिल्व्हेनियात ट्राममधला हा भेद कायद्याने बंद झाला.

आता जमिनीबद्दल. आमच्या मते या कहाणीत बोटीपेक्षाही महत्त्वाचा भाग हा आहे आणि तोच सर्वांत कमी सांगितला जातो. नोव्हेंबर १८६१ मध्ये उत्तरेच्या नौदलाने पोर्ट रॉयल घेतले तेव्हा ब्यूफर्ट आणि आसपासच्या बेटांवरचे गोरे जमीनदार घरेदारे सोडून पळाले. गुलाम मागे राहिले. पळालेल्या मालकांनी सरकारी कर भरला नाही म्हणून त्यांची घरे आणि मळे लिलावात निघाले. मुक्त झालेल्या लोकांनी पै पै करून तुकडे घेतले. युद्धानंतर बाकी दक्षिणेत राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी जमिनी जुन्या मालकांना परत केल्या. 'चाळीस एकर' हे शब्द फसवणुकीची आठवण म्हणून उरले. ब्यूफर्टच्या बेटांवर मात्र लिलावात घेतलेल्या जमिनी बऱ्याच अंशी लोकांकडे राहिल्या. ज्याच्या पायाखाली स्वतःची जमीन, त्याला मतदानाच्या दिवशी मालक 'उद्यापासून कामावर येऊ नको' असे धमकावू शकत नाही. बाकीच्या राज्यात काळ्यांचे राजकारण १८७६ नंतर कोलमडले, पण ब्यूफर्टमध्ये आणखी वीस वर्षे तग धरून राहिले. त्याचे कारण या सातबाऱ्यात आहे, असे आम्हाला वाटते.

स्मॉल्स यांनीही लिलावात एक घर घेतले. कोणते? प्रिन्स स्ट्रीटवरचे मकींचे घर, ज्याच्या मागच्या खोपट्यात ते जन्मले होते. मकींकडून ती मालमत्ता घेतलेल्या डी ट्रेव्हिल नावाच्या गृहस्थाने लिलावच बेकायदा म्हणून दावा लावला. तो थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८७८ साली निकाल स्मॉल्स यांच्या बाजूने लागला. या एका निकालामुळे लिलावात जमीन घेतलेल्या सगळ्यांचेच हक्क पक्के झाले.

या घराची एक गोष्ट हमखास सांगितली जाते. म्हाताऱ्या, भ्रमिष्ट झालेल्या मालकीण बाई एके दिवशी आपलेच घर समजून दारात आल्या आणि स्मॉल्स यांनी त्यांना त्यांच्या जुन्या खोलीत ठेवून घेतले. कुटुंबात चालत आलेली ही आठवण आहे आणि ती माणुसकीला धरून आहे, यात वाद नाही. पण ज्या लोकांना स्मॉल्स यांच्याबद्दल एवढीच एक गोष्ट आवडते, त्यांच्यापासून सावध राहावे. पीडिताचे मोठेपण क्षमेत शोधणाऱ्यांना त्याची मागणी ऐकायची नसते. स्मॉल्स यांनी बाईंना खोली दिली, घराचा हक्क सोडला नाही. त्यासाठी ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले.

१८६८ मध्ये चार्ल्सटनला नवी राज्यघटना लिहायला परिषद बसली. १८६० च्या जनगणनेत साउथ कॅरोलिनाच्या ७ लाख ३ हजार लोकसंख्येत ४ लाख २ हजार गुलाम होते. त्यामुळे सर्वांना मत मिळताच परिषदेत बहुसंख्य प्रतिनिधी काळे आले. स्मॉल्स त्यांतले एक. चार वर्षांपूर्वी अक्षरओळख झालेल्या या माणसाने तिथे ठराव मांडला तो सर्व मुलांसाठी मोफत आणि सक्तीच्या सरकारी शाळांचा. त्या राज्यघटनेने राज्यात पहिल्यांदा सर्वांसाठी शाळा आणल्या. गरीब गोऱ्यांच्या मुलांसाठीसुद्धा. ज्यांना 'अडाणी' म्हटले त्यांनी शाळा मागितल्या आणि जे शिकलेले होते त्यांनी विरोध केला. यावर आम्ही वेगळे भाष्य करत नाही.

मग राज्याचे प्रतिनिधीगृह, सिनेट, आणि १८७५ पासून अमेरिकेची काँग्रेस. मधल्या खंडांसह पाच वेळा ते तिथे निवडून गेले, १८८७ पर्यंत. बेटांवरची गुल्ला बोली ते लोकांसारखीच बोलत. गोरी वर्तमानपत्रे त्यांच्या बोलण्याची टिंगल करत आणि सभेला हजारो लोक जमत. १८७६ साली सैन्यभरतीत वर्णावरून भेद नको अशी दुरुस्ती त्यांनी मांडली. ती विचारातही घेतली गेली नाही. अमेरिकेच्या सैन्यातला वर्णभेद मोडण्याचा आदेश निघायला १९४८ साल उजाडावे लागले.

१८७६ हे साल काळे होते. ८ जुलैला हॅम्बर्ग गावात सशस्त्र गोऱ्या टोळीने काळ्या मिलिशियाला घेरले, तोफ आणली, आणि पकडलेल्या निःशस्त्र माणसांना एकेक करून गोळ्या घातल्या. त्या टोळीत बेन टिलमन नावाचा एक तरुण होता. पुढे तो राज्यपाल आणि सिनेटर झाला आणि हॅम्बर्गची फुशारकी आयुष्यभर मारत राहिला. त्या वर्षीच्या निवडणुकीत लाल सदरे घालून बंदूकधारी घोडेस्वार सभांमध्ये घुसत. एजफील्ड जिल्ह्यात मतदारांपेक्षा मते जास्त निघाली. बंडखोर सैन्याचा माजी सेनापती वेड हॅम्प्टन राज्यपाल झाला आणि एप्रिल १८७७ मध्ये केंद्राने फौज काढून घेतली. दोन वर्षांनी गिलिसनव्हिलच्या सभेत याच लाल सदऱ्यांनी स्मॉल्स यांना घेरले. ते मूठभर साथीदारांसह एका दुकानात शिरले. बातमी पसरली तशी आसपासच्या शेतांतून बायका-पुरुष बंदुका, कुऱ्हाडी, कुदळी, हाताला लागेल ते घेऊन धावत आले. लाल सदरे पांगले.

गोळीने जमले नाही तिथे खटला आला. १८७७ च्या ऑक्टोबरात, खासदार असताना, त्यांना अटक झाली. आरोप असा की राज्याच्या सिनेटमध्ये असताना छपाईच्या कंत्राटात त्यांनी ५ हजार डॉलर लाच घेतली. तीन वर्षे सक्तमजुरीची शिक्षा झाली. अपील चालू असताना १८७९ मध्ये राज्यपालाने माफी दिली. त्या बदल्यात निवडणुकीतल्या हिंसेचे गोऱ्यांवरचे केंद्रीय खटले मागे घेतले गेले. म्हणजे सौदा झाला.

इथे आपण प्रामाणिक राहिले पाहिजे. त्या काळच्या साउथ कॅरोलिना विधिमंडळात भ्रष्टाचार होता. गोरेही खात होते, काळेही. 'आपला माणूस म्हणजे धुतल्या तांदळासारखा' असे म्हणण्यात अर्थ नाही. पण प्रश्न असा विचारावा: पुरावा काय होता? मुख्य साक्षीदार स्वतःच त्या छपाई घोटाळ्यातला गुन्हेगार होता. खटला कधी झाला? विरोधकांच्या हाती सत्ता आल्याबरोबर. आणि हॅम्बर्गमध्ये माणसे मारणाऱ्यांपैकी किती जणांना शिक्षा झाली? एकालाही नाही. पाच हजार डॉलरचा हिशेब मागणाऱ्या न्यायालयाला मुडद्यांचा हिशेब मागावासा वाटला नाही. पुढे शंभर वर्षे पाठ्यपुस्तकांनी त्या कालखंडाबद्दल 'काळ्यांच्या हाती सत्ता दिली आणि त्यांनी लूट केली' हे एकच वाक्य शिकवले. आपल्या लोकप्रतिनिधींबद्दल, आपल्या अधिकाऱ्यांबद्दल चहाच्या टपरीवर जे बोलले जाते, ते ऐकणाऱ्यांना हे वाक्य नवे नाही.

१८८२ मध्ये साउथ कॅरोलिनाने 'आठ पेट्यांचा कायदा' केला. प्रत्येक पदासाठी वेगळी मतपेटी. पेटीवरचे नाव मतदाराने स्वतः वाचायचे, चुकीच्या पेटीत चिठ्ठी पडली तर मत बाद. पेट्यांच्या जागा मध्येच बदलायच्या. कायद्यात 'काळा' हा शब्द कुठेही नाही! पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना वाचू दिले नाही त्यांना वाचता येत नाही म्हणून बाद करायचे, आणि त्याला सुधारणा म्हणायचे.

तरीही काळ्यांचे मत पुरते मेले नव्हते, म्हणून १८९५ मध्ये टिलमनने नवी राज्यघटना लिहायला परिषद बोलावली. हेतू लपवला नाही. १६० प्रतिनिधींत काळे फक्त ६; त्यांतले ५ ब्यूफर्टचे, त्या जमीनवाल्या ब्यूफर्टचे. छप्पन्न वर्षांचे स्मॉल्स त्यांत होते. त्यांनी तिथे सांगितले की माझ्या वंशाला कोणाच्या खास वकिलीची गरज नाही, त्याचा या देशातला इतिहासच तो कोणापेक्षा कमी नाही हे सिद्ध करतो, त्याला हवी आहे ती फक्त समान संधी.

आणि मग तो घाव. परिषद काळ्या-गोऱ्यांच्या विवाहाला बंदी घालत होती. स्मॉल्स यांनी दुरुस्ती सुचवली: जो गोरा पुरुष काळ्या स्त्रीशी संबंध ठेवेल त्याला कोणतेही सरकारी पद धारण करता येणार नाही, आणि त्या संबंधातून झालेल्या मुलाला बापाचे नाव लागेल. सभागृहात एकच गोंधळ उडाला. वंशशुद्धीच्या गप्पा मारणाऱ्यांच्या घरामागच्या खोपट्यांत कोणाची मुले वाढली, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. हा प्रश्न विचारणारा माणूस स्वतः तशाच एका खोपट्यात जन्मला होता. दुरुस्ती अर्थातच फेटाळली गेली. मतदानासाठी वाचन, राज्यघटनेचे 'आकलन' किंवा ३०० डॉलरची मालमत्ता, वर मतकर, अशा अटी मंजूर झाल्या. आकलन झाले की नाही ते ठरवणारा अधिकारी गोरा. स्मॉल्स यांनी सही करायला नकार दिला. सही नाही तर प्रवासखर्च नाही, असे सुचवले गेले तेव्हा सही करण्यापेक्षा मी पायी घरी जाईन, असे ते म्हणाले.

बाबासाहेबांनी हा इतिहास बारकाईने वाचला होता. १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात त्यांनी यादवी युद्धाचा आणि लिंकन यांचा दाखला घेऊन स्पष्ट लिहिले आहे की निग्रोंचे जे झाले ते अस्पृश्यांना विसरता येणार नाही. युद्धात रक्त घ्यायचे आणि नंतर हक्क त्यांच्याच जुन्या मालकांच्या मर्जीवर सोडायचे, हा तो विश्वासघात. आधी हमी, मग सत्तांतर, हा बाबासाहेबांचा आग्रह कोणाला 'आडमुठेपणा' वाटत असेल तर त्याने आठ पेट्यांचा कायदा वाचावा.

स्मॉल्स शेवटपर्यंत ब्यूफर्टमध्येच राहिले. बंदराचे कस्टम कलेक्टर म्हणून त्यांनी दोन टप्प्यांत बरीच वर्षे काम केले. १९१३ मध्ये विल्सन यांच्या राजवटीत ते पद गेले. २३ फेब्रुवारी १९१५ ला प्रिन्स स्ट्रीटवरच्या त्याच घरात त्यांचे निधन झाले. त्याच महिन्यात 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा चित्रपट लागला होता. त्यात साउथ कॅरोलिनाचे विधिमंडळ दाखवले आहे: काळे सदस्य टेबलावर उघडे पाय टाकून बसलेले, दारू पिणारे. स्मॉल्स ज्या विधिमंडळात बसले तेच हे. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी तो व्हाइट हाउसमध्ये पाहिला. त्या वेळी बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. त्याच विद्यापीठात प्राध्यापक डनिंग आणि त्यांचे विद्यार्थी चित्रपटातली ही गोष्ट तळटिपा लावून इतिहास म्हणून मांडत होते. त्याला सविस्तर उत्तर दिले डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी, १९३५ च्या 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन' या ग्रंथात. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहिले ते हेच डू बॉइस. निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांनी मागवली होती.

२०२३ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने बंडखोरांच्या विजयाचे नाव असलेल्या 'चान्सलर्सव्हिल' या युद्धनौकेचे नाव बदलून 'रॉबर्ट स्मॉल्स' केले. साउथ कॅरोलिनातून १८९७ नंतर पुढचा काळा खासदार काँग्रेसमध्ये पोचला तो १९९३ मध्ये. राज्याची आजची राज्यघटना मात्र १८९५ चीच आहे, अनेक दुरुस्त्यांसह. तिच्यावर स्मॉल्स यांची सही नाही.